सहाशे वस्तीच्या गावात पोलादी चिलखत मिळतं का? फॅन्टसी खेळांतल्या खरेदीच्या पद्धती, शेजारी-शेजारी

शिरपूरचा एक मित्र दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच डीएम होणार आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत खेळायच्या फॅन्टसी खेळाचा सूत्रधार, डंजन मास्टर. चार खेळाडू ठरलेत, नकाशा काढून झालाय, गुहेतला राक्षसही पक्का आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. "भो, एका गोष्टीवर अडलोय. पोरं गावात पोचली की आधी हेच विचारतील, दुकानात काय काय आहे? मी काय सांगू? पुस्तकातली यादी सरळ त्यांच्या हातात देऊन टाकू, का एकेक वस्तू आहे-नाही ते मी ठरवू?"

फोनवर मी जे सांगितलं ते तुटक होतं, म्हणून नीट लिहून काढतोय. त्याच्यासारखे आणखीही असतील. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण पुढची सगळी मोहीम त्यावर चालते. खेळाडूंकडे दोर असेल तर कोरडी विहीर पाच मिनिटांत उतरून होते. दोर नसेल तर तीच विहीर अर्धा सेशन खाते, आणि बऱ्याचदा तोच अर्धा सेशन पुढे वर्षभर आठवतो.

तुलना करायची तर सगळ्या पद्धतींना माप एकच लावायला हवं. म्हणून एक गाव धरू. डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी, वस्ती ६००. चोपड्याकडून सातपुड्याच्या अंगाने वर जाताना लागतं तसं. गावात एक लोहार, एक वाणी, एक वैदू. आणि यादी पाच वस्तूंची: पन्नास फूट दोर, दहा मशाली, एक खेचर, घाव भरून काढणारं जादूचं औषध, आणि अंगभर पोलादी चिलखत. हे पाच जिन्नस घेऊन वेगवेगळ्या नियमांच्या दारात उभं राहायचं आणि कोण काय देतं ते बघायचं.

पुस्तकातली यादी, जशीच्या तशी

पैसे आहेत ना, मग घ्या. बहुतेक नवे डीएम इथूनच सुरुवात करतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या पुस्तकात, आपली यादी अशी लागते: दोर १ सोन्याचं नाणं, मशाल प्रत्येकी १ तांब्याचं, खेचर ८ सोन्याची, औषध ५० आणि चिलखत १५००. (१०० तांब्याची म्हणजे १० चांदीची म्हणजे १ सोन्याचं. टेबलावर आम्ही सोन्याच्या नाण्याला जीपीच म्हणतो, इथेही तेच म्हणतो.) नवा लढवय्या फासे टाकून पैसे घेणार असेल तर त्याला ५ चार बाजूंच्या फाशांची बेरीज गुणिले १० मिळतात, सरासरी १२५ जीपी. म्हणजे चिलखत दुकानात टांगलेलं असो वा नसो, त्याला परवडतच नाही. सुरुवातीचे काही महिने किंमतच राखणदाराचं काम करते आणि डीएमला डोकं चालवावं लागत नाही.

गडबड पुढे होते. पाचव्या-सहाव्या लेव्हलला हातात पैसा खुळखुळायला लागला की खेळाडू त्याच सहाशे वस्तीच्या गावात येऊन चिलखत मागतात, आणि उघडी यादी म्हणते, हे घ्या. आता याच पुस्तकात बिनकसबी मजुराची रोजी २ चांदीची नाणी दिली आहे. १५०० जीपी म्हणजे १५,००० चांदीची. म्हणजे साडेसात हजार दिवसांची मजुरी, वीस वर्षांहून जास्त. जो लोहार वर्षभर विळे, फाळ आणि बैलगाडीच्या धावा करतो, त्याने वीस वर्षांची मजुरी खुंटीला टांगून कोणत्या गिऱ्हाईकाची वाट बघायची? हा हिशेब मी एकदा टेबलावर मांडला तेव्हा एका खेळाडूने, त्याचं घरचं किराणा दुकान आहे, लगेच मान हलवली. पडून राहणाऱ्या मालात पैसा अडकवणं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही.

याच पद्धतीचं जुनं रूप मात्र फार वेगळं आहे, आणि ते माहीत असलेलं बरं. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात नव्या पात्राला तीन साध्या फाशांची बेरीज गुणिले १० मिळते, सरासरी १०५ जीपी. आणि पोलादी चिलखत तिथे फक्त ६० ला आहे. घ्या मग. तलवार १०, ढाल १०. उरले २५. आठवडाभर टिकणारी कोरडी शिदोरी १५. उरले १०. पाठीवरची थैली ५, दोर १, सहा मशाली १. हातात ३ जीपी आणि सहा तासांचा उजेड. पाचव्या आवृत्तीत १ जीपीत १०० मशाली येतात, इथे ६. शिदोरी तिथे आठवड्याला साडेतीन जीपी पडते, इथे पंधरा. एका यादीत लोखंड महाग आणि उजेड फुकट, दुसऱ्या यादीत लोखंड स्वस्त आणि उजेड महाग. पहिल्या खेळात लोक चिलखतासाठी झुरतात, दुसऱ्यात शेवटची मशाल विझायच्या आत वर यायला धावतात. तुम्हाला यातला कोणता खेळ चालवायचाय, ते यादी निवडतानाच ठरून जातं. म्हणून किंमतयादी "कुठलीही चालेल" असं समजू नका.

पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत आणि त्यात ही किंमतयादी आहे. पुस्तक विकत घ्यायच्या आधी तेवढी चाळून बघा.

गावाची ऐपत

दुसरी पद्धत गावाच्या आकाराला कुंपण घालते. याचं सगळ्यात काटेकोर रूप डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच, ३.५ आवृत्तीत, २००३ च्या पुस्तकात आहे. वस्ती ४०१ ते ९०० असेल तर २०० जीपीपर्यंतची वस्तू मिळते, त्यावरची नाही. ९०१ ते २००० ला मर्यादा ८००. २००१ ते ५००० ला ३०००. पंचवीस हजारांच्या वर गेलात तर एक लाख.

आपल्या गावाची मर्यादा २००. दोर, मशाली, खेचर, औषध, सगळं मिळालं. चिलखत इथेही १५०० चंच आहे, ते नाही. खास घडणावळीची तलवार, ३१५ ची, तीही नाही. तलवारीसाठी पुढच्या छोट्या शहरात आणि चिलखतासाठी त्याहून मोठ्या शहरात जावं लागेल. प्रवास आपोआप तयार झाला, वाटेतल्या चोरांसह.

पण या नियमातला मला सगळ्यात आवडणारा भाग वेगळा आहे, तो म्हणजे गावातली रोकड. मर्यादेच्या निम्मे, गुणिले वस्तीचा दहावा भाग. आपल्या गावासाठी १०० गुणिले ६०, म्हणजे ६००० जीपी. अख्ख्या गावाकडे मिळून लूट विकत घ्यायला एवढेच पैसे. खेळाडू खेचरावर लादून तलवारींचा ढीग, रत्नजडित मुकुट आणि चांदीची भांडी घेऊन आले, तरी त्या गावाचा गल्ला ६००० ला आटतो. आपल्याकडे हे कोणाला पटवून द्यायची गरज नाही. खेड्यातल्या सोनाराकडे मोठा दागिना मोडायला नेला तर तो हात जोडतो आणि जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सांगतो. मुकुट विकायचा तर मोठ्या पेठेत जावं लागणार, आणि मोठ्या पेठेत तो मुकुट कोणाचा होता हे ओळखणारंही कोणी ना कोणी असणार. एका साध्या गुणाकारातून पुढच्या दोन सेशनचं कथानक निघतं.

पाथफाइंडर नावाच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने यात थोडी ढिलाई दिली. तिथे ६०० वस्तीचं गाव छोटं शहर धरलं जातं आणि त्याचं मूल्य १००० जीपी. तेवढ्या किमतीपर्यंतची वस्तू मिळण्याची शक्यता ७५ टक्के, आणि नाही मिळाली तर आठवडा थांबून परत विचारायचं. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने वस्ती बाजूला ठेवून गावालाच पातळी दिली. गावाची पातळी २ धरली तर पातळी २ पर्यंतचा सर्वसाधारण माल तिथे मिळतो. आणि तिथे अंगभर चिलखत पातळी २ चं आहे, किंमत ३० जीपी. हत्यारावर कोरायचा पहिला रून, म्हणजे जादूचं अक्षर, तोही पातळी २ चाच, ३५ जीपी. तेव्हा तेच गाव, तोच लोहार, पण ३.५ मध्ये चिलखत अशक्य आणि इथे बाजूच्या दुकानात. यात चूक कोणाचीच नाही. पाथफाइंडरचं दुसरं रूप असं गृहीत धरतं की पात्रं लेव्हलप्रमाणे सजत गेली पाहिजेत, नाहीतर लढाईचं गणित बसत नाही. तो खेळ निवडलात तर माल रोखून धरू नका, खेळाडू हकनाक मरतील. याचेही नियम इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत वाचता येतात.

ऐपतीच्या पद्धतीत खोट एकच, पण मोठी. सारख्या वस्तीची सगळी गावं सारखीच होतात. नंदुरबारला लाल मिरचीच्या पथारी बघत मोठा झालेला माणूस हे मान्य करणार नाही. रावेर-सावद्याला केळी, नंदुरबारला मिरची, जळगावला सोनं. वस्तीच्या आकड्याला हे काही कळत नाही. डंजन वर्ल्ड या २०१२ च्या खेळात यावर छान तोड आहे. गावाला खुणा चिकटवतात. एक खूण सांगते की अमुक माल इथे पिकतो, म्हणून स्वस्त. दुसरी सांगते की अमुक मालाची इथे टंचाई आहे, म्हणून चढ्या भावाने विकला जाईल. तुम्ही कुठलाही खेळ खेळा, या दोन खुणा उचलून घ्या. नकाशावर प्रत्येक गावाच्या नावाखाली दोन शब्द लिहिले की झालं.

फासा टाकून बघा

वॉरहॅमर फॅन्टसी रोलप्लेची चौथी आवृत्ती, २०१८ ची, प्रत्येक वस्तूपुढे किमतीबरोबर उपलब्धताही छापते. सर्रास मिळणारी वस्तू कुठेही मिळते. जरा टंचाईची असेल तर खेड्यात ३० टक्के, मोठ्या गावात ६०, शहरात ९०. दुर्मीळ असेल तर १५, ३० आणि ४५. त्यावरच्या अद्भुत वस्तूंना फासाच नाही, त्या मागवून किंवा करवून घ्यायच्या.

आकडे नीट बघा. दुर्मीळ वस्तू शहरातसुद्धा निम्म्याहून कमी वेळा मिळते. खेड्यात १५ टक्के, म्हणजे तीन खेडी पालथी घातली तरी मिळण्याची शक्यता ३९ टक्क्यांच्या आसपास. आपल्या यादीत मी दोर आणि मशाली सर्रास धरतो, खेचर आणि औषध टंचाईचं, चिलखत दुर्मीळ. मग त्या गावात खेचर मिळण्याची शक्यता तीसच टक्के, पण चिलखताचीही पंधरा टक्के आहे! शंभरातल्या त्या पंधरा वेळा काय होतं बघा. लोहाराच्या मागच्या खोलीत गोणपाटाखाली अंगभर चिलखत सापडतं. कोणाचं? इथे कसं आलं? मालक परत येणार आहे का? फाशाने होकार दिला की डीएमला कारण शोधावं लागतं, आणि माझ्या अनुभवात अशी कारणं आधीपासून लिहून ठेवलेल्या कथेपेक्षा सरस निघतात.

या पद्धतीला एक नियम मात्र आधीच घालून द्या, एका गावात एका वस्तूसाठी एका फेरीत एकच फासा. मी सुरुवातीला घातला नव्हता. एका खेळाडूने तेजाबाची बाटली मागितली, फासा हुकला, तर तो म्हणाला शेजारच्या दुकानात विचारतो. तिथेही हुकला, तर देवळात. सातव्या फाशाला बाटली मिळाली आणि बाकीचे तिघे तोवर मोबाईल बघत बसले होते. आता मी वहीत गावाच्या नावाचं पान ठेवतो आणि हुकलेली वस्तू तिथेच लिहून टाकतो.

फाशांवरून आठवलं. आमच्याकडे ल्यूडोचा सहा बाजूंचा फासा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतो, पण वीस किंवा दहा बाजूंचे मागवावेच लागतात. टक्केवारीच्या पद्धतीला त्यांची वाट बघायची गरज नाही. ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या एका डब्यात घाला. एक काढा, तो दशक. परत टाका, हलवा, पुन्हा काढा, तो एकक. दोन्ही शून्य आले तर शंभर. आमचे पहिले तीन महिने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावर गेले आणि काही अडलं नाही.

आणि बाजाराचा वार

वरच्या सगळ्या पद्धतींत मला एक गोष्ट कायम कमी वाटत आली. त्यांत गाव किती मोठं आहे हे विचारतात, आज वार कोणता हे विचारत नाहीत. दुकान रोज उघडं आहे असं धरूनच सगळे आकडे बसवलेले आहेत.

पायथ्याच्या गावात आठवड्याचा बाजार भरतो तो दिवस आठवा. आदल्या संध्याकाळी जिथे चार शेळ्या बसलेल्या असतात, तिथे सकाळी नऊपर्यंत ताडपत्र्या ताणलेल्या. मिठाच्या गोण्या, तेलाचे डबे, विळे-कुऱ्हाडी, चपला, कापड, आरसे. वरच्या पाड्यांवरून माणसं मोहाची फुलं, चारोळी, आमचूर, कोंबड्या घेऊन उतरतात आणि मीठ-तेल घेऊन वर जातात. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात तर पाय ठेवायला जागा नसते. आणि संध्याकाळी पाचला त्याच मैदानात कांद्याची सालं आणि शेळ्या. ते गाव एक दिवस शहर असतं आणि सहा दिवस खेडं.

म्हणून माझ्या टेबलावर नियम आहे: बाजाराच्या दिवशी गाव एक पायरी वर चढतं. टंचाईची वस्तू ३० ऐवजी ६०, दुर्मीळ १५ ऐवजी ३०. बाकीचे दिवस मूळ आकडे. पावसाळ्यात नदीला पूर असेल तर बाजार भरतो, पण पायरी चढत नाही, कारण पलीकडच्या गाड्या येत नाहीत. ३.५ वाल्यांनी त्या दिवशी मर्यादा २०० वरून ८०० धरावी.

दुसरं, व्यापारी फिरता असतो. आज इथे, उद्या दहा कोसांवर. वस्तू मिळाली नाही तर खेळाडू त्याला इसार देऊन मागवू शकतात. किमतीचा दहावा भाग आगाऊ, पुढच्या बाजाराला ७० टक्के शक्यता. व्यापारी आलाच नाही तर तो का आला नाही हाच पुढचा प्रवास.

तिसरं, पैशावाचून व्यवहार. पाचव्या आवृत्तीत व्यापारी मालाची छोटी यादी आहे, तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. रतलभर मीठ ५ तांब्याची, रतलभर मिरी २ जीपी, म्हणजे चाळीसपट. शेळी १ जीपी, गाय १०, बैल १५. वरच्या पाड्यावर सोन्याचं नाणं कोणी मोडून देणार नाही, पण वीस रतल मिठाची गोणी नेलीत तर शेळी मिळेल. खेळाडूंना हे एकदा उमगलं की ते खेचरावर स्वतःहून मीठ लादतात.

या नियमाने आणखी एक गोष्ट साधते, घड्याळ चालू होतं. "बाजार तीन दिवसांनी आहे" एवढंच सांगा. चार मशालींवर आज गुहेत उतरायचं की तीन दिवस थांबून दहा घ्यायच्या? तोवर पळवून नेलेल्या मुलाचं काय? खेळाडू आपापसात भांडतात, आणि डीएमने फक्त वार सांगितलेला असतो.

जनावरांसाठी तर मी वर्षातून एक जत्राच ठेवतो, सरळ सारंगखेड्यावरून उचललेली. तापीकाठी दत्त जयंतीला जो घोडेबाजार भरतो तो ज्याने पाहिलाय त्याला "सवारीचा घोडा, ७५ जीपी" ही ओळ अपुरी वाटेल. तिथे माणसं घोड्याचा जबडा उघडून दातांवरून वय बघतात, चाल बघायला पळवून आणायला लावतात, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणीला वेगळा भाव देतात. जत्रेत मी ७५ ला मधली किंमत धरतो आणि दोन-तीन घोडे खाली-वर मांडतो, प्रत्येकाला एक गुण, एक खोड.

न मोजणारे खेळ

इथे थोडक्यात. डंजन वर्ल्डमध्ये "मोहिमेचं सामान" नावाची एकच वस्तू २० नाण्यांना मिळते, पाच वापरांची. खडू, खिळे, दोर, काठी, जे लागेल ते त्यातून काढायचं आणि एक वापर खोडायचा. आपल्या यादीची पहिली ओळ, दोराची, तिथेच संपली. ब्लॅक हॅकमध्ये मशालींची संख्या नसतेच. त्यांना एक फासा असतो, वापरल्यावर तो टाकायचा, १ किंवा २ पडला की पुढच्या वेळी लहान फासा, आणि चार बाजूंच्या फाशावर १-२ पडला की संपल्या. ब्लेड्स इन द डार्कमध्ये निघताना फक्त ओझं हलकं, मध्यम की जड एवढंच सांगायचं. आत काय होतं ते गरज पडेल तेव्हा ठरवायचं.

एका बैठकीत संपणाऱ्या खेळाला, किंवा ज्यांना हिशेबाचा मनापासून कंटाळा आहे अशा मंडळींना, हेच द्या. लांब पल्ल्याच्या, रानावनातल्या मोहिमेला मी देत नाही. खेळाडूने गावात असताना आठवणीने घेतलेला खडू तिसऱ्या आठवड्यात भुलभुलैयात कामी येतो, तो आनंद या पद्धतीत मिळत नाही. विसरलेल्या दोराची चुटपुटही नाही.

घासाघीस खेळायची की नाही

हा खरं तर वेगळा प्रश्न आहे. वरच्यापैकी काहीही निवडलंत तरी भाव बोलून ठरवायचा की छापील घ्यायचा, हे उरतंच.

माझ्या पहिल्या मोहिमेत मी प्रत्येक खरेदी खेळायला घेतली होती. वाणी, लोहार, शिंपी, सगळ्यांचे आवाज काढले. पहिल्या दुकानात मजा आली. तिसऱ्या दुकानापर्यंत अडीच तास गेले होते. एरंडोलहून येणाऱ्या खेळाडूला शेवटची एसटी गाठायची होती, तो उठला आणि दारातून म्हणाला, "भाऊ, आज आपण काहीच केलं नाही." त्याचं बरोबर होतं. आमच्यासारख्या गटांत कोणी भुसावळहून रेल्वेने येतो, कोणी धरणगावहून मोटारसायकलवर. महिन्यातून दोनदा चार तास जमतात. त्यातले तीन बाजारात घालवणं हा त्यांच्या वेळेवर अन्याय आहे.

तरी घासाघीस पूर्ण काढून टाकू नका. एका सेशनला एक सौदा ठेवा, आणि शक्यतो जिवंत वस्तूचा. आमच्या खेचराचा सौदा असा झाला. पुस्तकात ८ जीपी. मी व्यापारी, बारा सांगितले.

"बारा? दात दाखवा आधी."

मी जबडा उघडल्यासारखं केलं. "बघा. सहा वर्षांचं आहे. घाटात चढताना तुमच्या आधी पोचेल."

"मग विकताय कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं आणि हात पुढे केला. जनावरांच्या बाजारात दलाल असाच भाव करतात, कापडाखाली बोटं दाबून, शेजाऱ्याला कळू न देता. त्या खेळाडूचे वडील बैलबाजारात जाणारे. त्याने हात आत घातला आणि दोन बोटं दाबली, मग चार. म्हणजे काय ते आम्ही आधी ठरवलेलं नव्हतं. बाकीचे तिघे श्वास रोखून उपरण्याकडे बघत होते. मी एक बोट वाढवलं. त्याने मान हलवली, हात बाहेर काढला आणि म्हणाला, "नऊ. आणि दावं फुकट." दहा मिनिटं लागली असतील. त्या खेचराला त्यांनी नाव ठेवलं. पुढे भुयाराचं तोंड अरुंद निघालं तेव्हा दोन जण त्याच्यासाठी बाहेर थांबले आणि अख्खी लढाई दोन ठिकाणी विभागली गेली. छापील ८ जीपी देऊन आणलेल्या खेचरासाठी कोणी थांबलं नसतं.

जादूच्या वस्तू, आणि विकणं

जादूची हत्यारं दुकानात ठेवायची की नाही यावर पाचवी आवृत्ती मोघम आहे. २०१७ च्या जोडपुस्तकात मात्र बऱ्यापैकी वापरता येईल असा नियम आहे. विक्रेता शोधायलाच किमान एक आठवडा आणि १०० जीपी खर्च होतात. जास्त दिवस किंवा जास्त पैसे घातले तर बोलणी सुधारतात, आणि दर आठवड्याला काही तरी भानगड उद्भवण्याची १० टक्के शक्यता असते. कमी दुर्मीळ वस्तूची किंमत एका साध्या फाशाच्या शंभरपट, दुर्मीळची दोन दहाबाजू फाशांच्या हजारपट, म्हणजे सरासरी ११,०००. मला हा नियम पटतो, कारण वस्तूऐवजी माणूस शोधावा लागतो. ज्याच्याकडे ती आहे तो ती का विकतोय, हे विचारायला जागा राहते. पाथफाइंडर खेळत असाल तर याची गरज नाही, तिथे जादू दुकानातच असते.

विकताना पाचव्या आवृत्तीत हत्यारं-चिलखतं सुस्थितीत असतील तर निम्मी किंमत येते. रत्नं आणि दागिने पूर्ण किमतीला. हे दुसरं मला खटकतं. दागिना मोडताना घट कापली जाते हे आमच्या भागात पोराटोरांना माहीत आहे. मी सराफासमोर दहा टक्के घट धरतो, ओळखीचा असेल तर पाच.

तर शिरपूरकरांसाठी

तुझ्या मोहिमेचा नकाशा मी पाहिलाय. गावं लांब-लांब, मधे जंगल, दोन नद्या. खेळाडू चार, त्यातले तीन नवखे, वेळ दर रविवारी तीन तास. अशा टेबलाला पाचव्या आवृत्तीची यादी घे, कारण ती मोफत आहे आणि नवख्यांना पटकन समजते. १० जीपीपर्यंतचं सगळं न विचारता मिळू दे, त्यावर वेळ घालवू नको. त्याखाली दोर, मशाली, शिदोरी, कंदील, असलं रोजचं सामान येतं. खेचरही आठचंच आहे, पण जनावर म्हणून त्याला अपवाद कर. त्याला आणि दहाच्या वरच्या मालाला वॉरहॅमरचे ३०-६०-९० आणि १५-३०-४५ लाव, चिठ्ठ्यांनी. बाजाराचा वार नकाशावर गावाच्या नावाखाली लिही, आणि त्याच्या खाली पिकतं काय, टंचाई कशाची.

खेळाडू मुरलेले असते आणि लढाया हेच मुख्य आकर्षण असतं, तर मी पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती आणि गावाची पातळी सांगितली असती. एकाच रविवारचा खेळ असता तर डंजन वर्ल्ड. आणि तुझी मंडळी चार महिन्यांनी अंधाराला, भुकेला घाबरायला तयार झाली, तर १९८१ ची किंमतयादी काढ. तिथे चिलखत पहिल्याच दिवशी अंगावर असेल आणि सातव्या तासाला हातात उजेड नसेल.

चिलखताचं विचारलंस म्हणून. पहिल्या सेशनला कोणी मागितलंच, तर नाही म्हणू नको. दोन चिठ्ठ्या काढ. पंधरा किंवा त्याखाली आलं तर ते लोहाराच्या मागच्या खोलीत आहे, डाव्या खांद्यावर भाल्याने पडलेलं भोक आहे, आणि लोहाराची बायको ते विकायला तयार नाही.